दीपगृहवाल्याचा आवाज

७ डिसेंबर, रविवार

युद्धाच्या सिनेमाला काहीही मिळणार नाही, हे मी आज तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा समीक्षकांनी नुसता चष्मा पुसला. तीस वर्षं पेपरात सिनेमावर लिहिलं, आता खालच्या मजल्यावर राहतात आणि फक्त आम्हीच त्यांचं ऐकतो. तेही रविवारी, तेही अर्धंच.

आमचा खेळ जुना आहे. अजून लागलेले नाहीत तेच सिनेमे घ्यायचे. पोस्टर, ट्रेलर आणि ऐकीव गप्पा, एवढ्यावरून कोणाला कुठलं पारितोषिक मिळणार ते ठरवायचं. डिसेंबर संपायच्या आत यादी पक्की. ज्याची यादी सगळ्यात चुकीची, त्याने पुढचं वर्षभर रविवारचा चहा करायचा. समीक्षक एकोणीस वर्षं चहा करताहेत.

माझ्या धाकट्या भावाची, भोंग्याची, यादी या वर्षी पाटीवर. पाच महिन्यांपूर्वी त्याचं स्वरयंत्र काढलं. जन्मला तेव्हा इतका रडायचा की बाबांनी नावच पाडलं, भोंगा. पुढे त्याच गळ्यावर जगला — दुसऱ्यांच्या तोंडात आवाज घालायचं काम. आठ हिरो, अठरा खलनायक, दोन अस्वलं आणि एक देव. आता गळ्याला भोक, आणि हातात शाळकरी पोरांची पाटी. कागद नको म्हणतो. कागदावर लिहिलेलं राहतं, बोललेलं कसं पुसलं जायला हवं!

उत्कृष्ट अभिनेता म्हणून त्याने दीपगृहवाल्या सिनेमाच्या हिरोचं नाव लिहिलं. मी हसले. त्या पोराचा चेहरा सोन्याचा आणि आवाज पत्र्याचा. हे मी नाही म्हणत, समीक्षकांनीच एकदा छापलं होतं. भोंग्याने नाव पुसलं नाही. उलट खाली रेघ मारली.

८ डिसेंबर

भोंगा जेवत नाही धड. नळीतून जाईल तेवढंच. भावजय म्हणते, "वन्सं, तुम्ही समोर बसलात की दोन घोट जास्त घेतो." म्हणून बसते. दुसरं काय येतं मला?

१४ डिसेंबर, रविवार

आज दीपगृहवाल्याचा ट्रेलर आला. समीक्षकांनी त्यांच्या फोनवर लावला. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकला. चौतीस वर्षं आवाजाचं संकलन केलं, चित्र बघून मी कधीच काही ठरवत नाही.

समीक्षक हरखले. काय मेहनत घेतली पोराने, म्हणे दोन वर्षं आवाजाची साधना केली, पत्र्याचं तांब्याचं भांडं झालं!

मी डोळे उघडलेच नाहीत. वाक्य होतं, "बोटी येतात, मी नाही येत कुठे." त्या वाक्याआधी एक श्वास होता. नाकातून अर्धा घेतलेला, मध्येच थांबलेला, आणि मग शब्द. तो श्वास मी हजारदा कापलाय. टेपच्या काळात ब्लेडने कापायचे, तुकडे फरशीवर पडायचे आणि संध्याकाळी झाडूवाली ते गोळा करून टाकून द्यायची. भोंग्याचे श्वास. मी ओरडायचे त्याच्यावर, की वाक्याआधी असा काय अडतोस, दारात पाहुणा अडतो तसा? तो म्हणायचा, ताई, माणूस दुःखात असाच अडतो. मी तरी कापायचेच.

डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. चोर.

१५ डिसेंबर

भावजय बाहेर गेल्यावर विचारलं. तो सिनेमा तू बोललास?

दुसऱ्यांदा विचारलं. मग लिहिलं — "गप्प बस."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मला गप्प करणं कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनाही सात वर्षांत जमलं नाही. शेवटी तुकड्यातुकड्याने कळलं. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर त्याने हे काम घेतलं. अकरा दिवस. रोज पाऊण तास, मग रक्ताची गुळणी, मग पुन्हा पाऊण तास. कुठे बोलायचं नाही असं लिहून दिलंय. नाव येणार नाही. भावजयीला ठाऊक होतं. मलाच नव्हतं!

आणि मी त्या अकरा दिवसांत त्याला फोनवर झापत होते, की गळा खराब आहे तर गप्प का बसत नाहीस.

२१ डिसेंबर, रविवार

समीक्षकही आता दीपगृहवाल्यावर आले. म्हणाले, या वर्षी अभिनेत्यात चुरसच नाही. भोंगा मान खाली घालून नखं बघत होता. लग्न ठरलेल्या मुलीसारखा.

मी युद्धाच्या सिनेमातल्या म्हाताऱ्या नटाचं नाव लिहिलं. मुद्दाम. भोंग्याने रागाने खडू मोडला.

२७ डिसेंबर

काल सिनेमा लागला, आज भावजय आणि मी पाहून आलो. भोंग्याला नेणं शक्य नाही, त्याच्यापाशी समीक्षक बसले. त्यांना काही ठाऊक नाही.

दोन तास माझा भाऊ बोलत होता. खोकला नाही, घरघर नाही. चाळिशीतला भोंगा. पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ लहान मुलासारखा रडला. भावजयीने पूर्ण वेळ माझा हात धरला होता. तिने नवऱ्याचा आवाज पाच महिन्यांनी ऐकला.

शेवटी नावं आली. मी उभी राहून वाचली. हिरोला व्यायाम शिकवणारा, त्याच्या मिशा चिकटवणारा, कुत्र्याला सांभाळणारा, कुत्रा. कुत्र्याचंही नाव आहे! लोक मागून ओरडले, बाई बसा. मी शेवटचं अक्षर जाईपर्यंत उभी राहिले. भोंगा कुठेच नाही.

घरी आल्याआल्या त्याने पाटी पुढे केली. आधीच लिहून ठेवलं होतं — "कळलं का कुणाला?"

भावजय म्हणाली, नाही, कुण्णाला नाही. त्याचा चेहरा असा उजळला की माझं डोकंच फिरलं.

मी बोलले ते बोलले. जन्मभर दुसऱ्याच्या पडद्यामागे उभा राहिलास, आता जाता जाता तरी पुढे ये. त्याने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, "ताई, आवाज ओळखू आला तर मी हरलो. त्याला मिळालं तर मला मिळालं."

असली उदारता मला समजत नाही. नम्रतेवर सिस्टर तासन् तास बोलायच्या. तेव्हाही माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

२९ डिसेंबर

पारितोषिकांच्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय. आवाज स्वतःचा नसेल तर अभिनयाचं पारितोषिक नाही. मी स्वतः दोन वर्षं निवड समितीत होते, नियम मला पाठ आहे. पहिली फेरी पंधरा जानेवारीपर्यंत चालते. वेळ आहे.

पत्र लिहिलं. सुवाच्य, समास सोडून, एकही खाडाखोड नाही. चौकशी झाली की त्यांना भोंग्याचं नाव घ्यावंच लागेल. छापून येईल. लोकांना कळेल तो आवाज कुणाचा. एवढंच मला हवं आहे. त्या पोराचं काय व्हायचं ते होवो.

मनात आलं, भोंग्याला विचारावं. नाही विचारलं. नाहीच म्हणाला असता.

३ जानेवारी

सकाळी पत्र टाकलं. पोस्टातून परतले तर दारात उंची बूट. घरात तो हिरो!

शिव्या जिभेवर तयार होत्या. पण तो पोरगा भोंग्याच्या पलंगापाशी जमिनीवर बसला होता, गुडघे जवळ घेऊन. पाहुण्याला खुर्ची का दिली नाही म्हणून भावजयीकडे पाहिलं, तर तिने खुणेने सांगितलं, दिली होती, बसला नाही.

त्याच्या त्या पत्र्याच्या आवाजात तो म्हणत होता, "काका, मला झोप लागत नाही. मी सांगून टाकू का सगळ्यांना?"

भोंग्याने पाटीवर मोठ्ठं लिहिलं — "खबरदार." मग खाली बारीक अक्षरात, "डोळे तुझे होते. मी फक्त डोळ्यांत होतं ते बोललो."

पोरगा रडला. भोंग्याने त्याच्या डोक्यावर टपली मारली. मी पायांत चप्पल तशीच ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

५ जानेवारी

समितीच्या कचेरीला फोन लावायचा म्हणून दोनदा उचलला. काय सांगणार? की पत्र माझंच, पण तेवढं वाचू नका? दोनदा ठेवून दिला. माघार घ्यायची सवयच नाही मला. नवराही त्याच पायी गेला म्हणायचे लोक, आणि तो तर जिवंत आहे, दुसऱ्या गावात.

११ जानेवारी, रविवार

यंदाच्या याद्या भिंतीवर लावल्या. भोंगा रोज स्वतःच्या यादीकडे बघतो. वजन आणखी उतरलंय. डॉक्टर भावजयीला बाहेर नेऊन काहीतरी बोलले. तिने आत येऊन उशीचा अभ्रा बदलला. तो सकाळीच बदललेला होता.

१९ जानेवारी

नामांकनं आली. समीक्षकांनी फोनवरून एकेक वाचून दाखवली. अभिनेत्यांची पाच नावं. युद्धाच्या सिनेमातला म्हातारा आहे. दीपगृहवाला नाही. समीक्षकांनी पुन्हा वाचलं, तरी नाही. म्हणाले, काहीतरी घोटाळा दिसतो.

घोटाळा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता, हातात ट्रे घेऊन.

कुठे चौकशी नाही, कुठे भोंग्याचं नाव नाही. गुपचूप वगळून मोकळे झाले! मला जे हवं होतं तेही नाही आणि त्याला हवं होतं तेही नाही.

भोंग्याने पाटी मागितली. लिहिलं, "आवाज कमी पडला."

मग पुसलं नाही. पाटी तशीच उशाशी ठेवली.

२० जानेवारी

भिंतीकडे तोंड करून आहे.

२१ जानेवारी

नळीतून देऊ देत नाही. भावजयीचा हात बाजूला करतो. समीक्षक समजूत घालायला आले. समितीला कान नाहीत, आपल्या वेळचे लोक वेगळे होते, वगैरे. त्यांना वाटतं, भोंगा यादी चुकली म्हणून रुसलाय. यंदाही चहा मीच करीन, असंही म्हणाले बिचारे.

भावजय रात्रीची भांडी लावता लावता एवढंच म्हणाली, "वन्सं, ते असे कधी हरले नव्हते हो."

२३ जानेवारी

मी भित्री आहे, हे अडुसष्टाव्या वर्षी कळलं. चार दिवस त्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत जाते आणि औषध दिलं का विचारून परत येते.

२४ जानेवारी

सांगितलं.

खुर्ची पलंगाला लावली, त्याचं तोंड भिंतीकडे होतं, मी त्याच्या पाठीला सांगितलं. पत्र मी टाकलं. नियम दाखवून तुम्हा दोघांचं नाव मी बाद करवलं. तुझा आवाज कमी पडला नाही रे, तुझी बहीण कमी पडली. मारायचं तर मार.

गळ्याच्या भोकातून हवा येत-जात होती तेवढीच. मग वळला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं पाटी डोक्यात घालतो. पाटी घेतली. पाच दिवसांचं वाक्य बाहीने पुसलं.

"मूर्ख."

मी म्हटलं, हो.

पुन्हा पुसलं. "म्हणजे मिळालं असतं!"

मी म्हटलं, मिळालंच होतं, मी काढून घेतलं.

आणि भोंगा हसला. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी. भावजय धावत आली, तिला वाटलं झटका आला. तिलाही लिहून दाखवलं. मग समीक्षकांना बोलावून घेतलं, त्यांनाही सगळं सांगितलं. बंदी बिंदी गेली खड्ड्यात. समीक्षक खुर्चीत बसले आणि म्हणाले, तरीच! मी म्हटलंच होतं, घोटाळा आहे!

दुपारी त्याने वाटीभर घेतलं.

२७ जानेवारी

मला माफ केलं की नाही ते लिहीत नाही. सकाळी केस विंचरायला दिले एवढं खरं. बाकी कोणी आलं, औषधवाला, शेजारीण, की माझ्याकडे बोट दाखवतो आणि पाटीवर लिहितो, "हिने माझं बक्षीस घालवलं." या तीन दिवसांत आहे इतका खूश मी त्याला वर्षभरात पाहिला नाही.

हिरोचा फोन आला होता. भोंग्याने मला बोलायला लावलं. मी त्या पोराची माफी मागितली. तो म्हणाला, "बरं झालं आत्या, आता झोप लागेल." मला आत्या म्हणाला. कोण लागते मी त्याची?

३१ जानेवारी

भोंगा गेला. सकाळी, चहाच्या वेळेला. आधी श्वास तसाच अडला, अर्ध्यावर. मी वाक्याची वाट पाहत राहिले.

३ फेब्रुवारी

घरात खूप शांतता आहे आणि त्याचा आवाज जाऊन तर सहा महिने होऊन गेले. हे गणित मला सुटत नाही.

हिरो आला होता. दाराबाहेर लोक जमले तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. उद्या छापून येईल म्हणतात. येऊ दे. मला जे हवं होतं ते हे होतं. ते आता कुठे ठेवू?

भावजय म्हणाली, शेवटचा आठवडा सुखाचा गेला हो त्यांचा, तुमच्यामुळे. माझ्यामुळे!

१२ फेब्रुवारी

आज समितीचं उत्तर आलं. छापील कागद, खाली सही.

"आपले २९ डिसेंबरचे पत्र मिळाले. यंदा पहिली फेरी २८ डिसेंबर रोजीच पूर्ण झाली. सदर अभिनेत्याचे नाव त्या फेरीतच, मते कमी पडल्याने, वगळले गेले होते. सबब आपल्या तक्रारीवर कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही."

तीनदा वाचलं. भावजय विचारत होती, कसलं पत्र. मी म्हटलं, कसली तरी जाहिरात. सरळ तोंडाने खोटं बोलले. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी, भोंग्याच्या पाठीला सांगताना, ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं.