मधला भाग

२ तारीख

चि. हट्टीस आईचे आशीर्वाद, पोटभर.

त्या सकाळी मी पाणी भरलं. तुला उठवलं, तू पुन्हा झोपलीस, पुन्हा उठवलं. तुझ्या बाबांचा डबा भरला. कपडे धुऊन दोरीवर टाकले. भांडी घासून होतात तोच त्यांच्या ऑफिसची जीप त्यांच्याविना दाराशी थांबली. तू खांबावर चढायचं शिकायला गेल्यापासून ती सकाळ रोज माझ्यासमोर येऊन बसते. हाकलली तरी जात नाही.

तू बाबांचा खांबावर चढताना बांधायचा कमरेचा पट्टा मागितलास. घर उलथंपालथं केलं, सापडत नाही. उंदरांनी कुरतडून नेला असेल. विजेच्या तारांना या घराने एक माणूस दिला, तेवढं पुरे नाही का? ऑफिसात बसून काम करणाऱ्या मुलीही असतातच की.

आमच्या थिएटरात सध्या राजकन्येचं कार्टून लागलं आहे. झाडू घेऊन दाराशी उभी असते, त्यामुळे मला शेवटची दहा मिनिटंच दिसतात. पोरगी बुरुजाच्या टोकावर, राणी खाली दोर छातीशी धरून उभी. एवढी का रडते ती? मधला भाग पाहिला असशील तर कळव.

माया आहे तशीच ठेव, हट्ट थोडा कमी कर.
तुझी आई


८ तारीख

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सगळ्यांना दाखवलं. पोस्टरवरची अक्षरं लावत वाचायला शिकलेली बाई जोडाक्षरात एकदाही चुकली नाही, म्हणून मीच मिरवून घेतलं.

परीक्षा बाराला दुपारी आहे. मनोरा तीस मीटरचा. केंद्रातले पट्टे आडव्या अंगाच्या माणसांचे आहेत. शेवटचं भोक लावलं तरी माझ्या कमरेवरून सरकतात. बाबा माझ्यासारखेच काडीपैलवान, म्हणून त्यांचा मागितला होता. नसेल तर राहू दे. आतून चादरीची घडी घालते आणि चढते. मास्तर म्हणतात, पुढच्या वर्षी ये. मी म्हटलं, आत्ताच.

पिक्चर पाहिला. मधल्या भागात राणी दोर लपवते. दोर नसला की पोरगी चढणार नाही, असं तिला वाटतं. पोरगी दोराशिवाय चढते. राणीला कळतं तोवर ती अर्ध्यावर गेलेली असते.

काळजी करशीलच, जेवून कर.
तुझी हट्टी


१२ तारीख, केंद्राच्या फाटकाबाहेर

चि. हट्टीस,

आशीर्वाद घाईत लिहिते, तरी पुरे मान. तुझं पत्र काल हातात पडलं. उत्तर टाकलं असतं तर परीक्षेनंतर पोचलं असतं, म्हणून पहिल्या गाडीने आले. रखवालदार म्हणतो, परीक्षेआधी भेट नाही. पुडकं मात्र देतो म्हणाला.

पट्टा हरवला नव्हता. माझ्या गादीखाली होता. उगाच उंदरांवर आळ घेतला.

त्या सकाळी कपड्यांत मी तोही धुतला होता. घामाचा वास येत होता. विचारलं नाही, भिजवून टाकला. बाबा म्हणाले, एकच खांब आहे, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत वाळेल. ते पट्ट्याशिवाय चढले. बारा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. आता पुन्हा मीच तो अडवून ठेवला होता.

जुना आहे. मास्तरांना वजन टांगून तपासायला सांग. ते नको म्हणाले तर बांधू नकोस आणि चढूही नकोस. माझ्याशी भांडण नंतर कर.

आई


१५ तारीख

ती. आईस नमस्कार.

मास्तरांनी पट्ट्याला वाळूची दोन पोती तासभर टांगली. शिवण हलली नाही. बाबांनी खिळ्याने पाडलेलं चौथं भोक मला नेमकं बसलं.

पास झाले. खोटं कशाला सांगू? वर एकदा पाय सुटला. पट्ट्याने धरलं.

कुंपणाशी तू दिसलीस, मान खाली घालून. माझे पाय जमिनीला लागले आणि तू वळून चालायला लागलीस. न भेटता का गेलीस?

बाकीचं वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. ऑफिसात दुसरा पट्टा मागता आला असता त्यांना, असं एकदा वाटतं. एकदा तुझा राग येतो. अजून काही ठरत नाही. उंदरांबद्दल मात्र नक्की रागावले आहे.

पत्र लिहीत जा, लहान का होईना.
तुझी


१९ तारीख

चि. हट्टीस आशीर्वाद.

वर बघवेना. म्हणून जमिनीवर तुझी सावली बघत होते. ती मध्येच हिसका बसून थांबली. मी कुंपणाची तार घट्ट धरली, ती तळहातात रुतली. सावली पुन्हा हलेपर्यंत सोडली नाही. खाली आलीस तेव्हा भेटले असते, तर दंडाला धरून घरी आणलं असतं. म्हणून निघाले.

राग यायचा तो येऊ दे. सावकाश ठरव. पुढच्या खांबाची तारीख मला कळवू नकोस, उतरलीस की कळव.

लोभ कमी झाला तरी चालेल, पत्रं कमी नकोत.
आई

ता. क. तुझ्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, कपडे धुतले, कामावर गेले. पिक्चरचा शेवटचा दिवस होता. झाडू दाराशी टेकवला, दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत बसले आणि मधला भाग पाहिला.