नियम सातवा आणि वरची चौकी

३ मार्च
प्रथम माफी. डायरी जानेवारीत मिळाली आणि लिहायला बसतोय आज. कारणं आहेत. जानेवारीत चष्मा सापडत नव्हता. फेब्रुवारीत चष्मा सापडला तर पेन सापडेना. आता दोन्ही सापडली तर छातीत धडधडतंय. पण आजचा दिवस लिहिलाच पाहिजे.
ऑफिसच्या नव्या प्रमुख मॅडमनी सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बोलावलं. म्हणाल्या, आपलं खातं नदीचं पाणी मोजतं, पण खात्यातलं कोण कुठे आहे हे कोणी मोजत नाही. बदल्या वशिल्याने होतात, नदीवरच्या चौक्यांवर मनाला येईल तसं चालतं. नवे नियम करायचे, त्यासाठी कमिटी नेमायची. हे बोलताना त्या सारख्या माझ्याकडे बघत होत्या. हेडक्लार्कचं म्हणणं, माझ्या डोक्यामागे घड्याळ आहे. जळतो. दुसरं काय.

४ मार्च
कमिटीचा अध्यक्ष म्हणे सर्वांत ज्येष्ठ मुकादम. म्हणजे कोटवाले! हा गृहस्थ भर उन्हाळ्यात कोट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि उठत नाही. कायम नोकरीत तो माझ्या आधी लागला, कबूल. पण मी त्याच्याही आधी रोजंदारीवर नदीत पाणी मोजायची पट्टी धरून उभा होतो, ती वर्षं कुठे गेली? पाण्यात?
हेडक्लार्कला धरलं. म्हणाला, काका, कशाला नसती उठाठेव? पगार एक पैशाने वाढायचा नाही. म्हटलं, पैसा नको, मान हवा. शिक्षण सातवीपर्यंत असलं म्हणून काय झालं?

७ मार्च
झालं! रोजंदारीची वर्षं धरली गेली. ज्येष्ठता नंबर एक, मी. कोटवाल्यांनी उठून अभिनंदन केलं. फारच मनापासून केलं. विचार करायला हवा.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, अध्यक्ष झालात तर आता ओला टॉवेल पलंगावर टाकत जाऊ नका. लेक बाळंतपणाला आली आहे, महिनाअखेरीची तारीख आहे. ती म्हणाली, बाबा, त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात हवे हं, नाहीतर आई डॉक्टरांनाच कामाला लावेल. शब्द दिला. पहिलं नातवंड. अध्यक्ष आणि आजोबा, दोन हुद्दे एकाच महिन्यात. झोप लागत नाही.

११ मार्च
पहिली मीटिंग. मेंबर दोन. वायरलेसवाला, ज्याला सगळे पोपट म्हणतात, आणि जीपचा ड्रायव्हर.
विषय वरची चौकी. डोंगरात, नदीचा उगम आहे तिथे. एक खोली, पत्र्याचं छप्पर, मोबाइल लागत नाही. जीप जाते पंधरा दिवसांनी. आजवर तिथे नव्या पोरांना ढकलत आले. अन्याय आहे. म्हणून नियम पहिला: सर्वांत अवघड चौकीवर सर्वांत ज्येष्ठ माणूस. (इथे लिहायला हरकत नाही, डोळ्यांसमोर कोटवाले होते. डोंगरात थंडी असते. कोट आहेच.)
ड्रायव्हर म्हणाला, काका, नक्की ना? पोपट म्हणाला, काका, परत एकदा विचार करा. म्हटलं, अध्यक्ष एकदाच विचार करतो. लिहा.

१४ मार्च
नियम सातवा. वायरलेस सरकारी कामासाठी आहे, पण चौकीवाल्यांच्या बायका ऑफिसात येऊन त्यावर नवऱ्याला विचारतात, कपाटाची चावी कुठे ठेवलीत? आणि पोपट बोलू देतो! आता बंद. खाजगी एक शब्द नाही. सुखाचा नाही, दुःखाचा नाही.
पोपट म्हणाला, अहो काका, एखाद्याच्या घरी काही झालं तर? म्हटलं, जीप आहे ना. पंधरा दिवसांनी कळलं म्हणून आनंद काही शिळा होत नाही. हे वाक्य मला आपोआप सुचलं. मीटिंगच्या वृत्तांतात घालायला लावलं.
नियम आठवा: अध्यक्षाने ऑफिसात मॅडमसमोर शाईने सही केल्याशिवाय एकही नियम बदलायचा नाही. आपल्या मागे खाडाखोड नको.

१८ मार्च
संकल्प. आजपासून दुपारची डुलकी बंद. अध्यक्ष पेंगताना बरा दिसत नाही.
दुपारी: उद्यापासून.

२० मार्च
मॅडमनी सगळे नियम जसेच्या तसे मंजूर केले. टाळ्या. सर्वांत मोठ्या टाळ्या कोटवाल्यांच्या. बिचाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

२१ मार्च
बदलीची ऑर्डर निघाली. वरच्या चौकीवर माझं नाव आहे. टायपिंगची चूक असणार.

२१ मार्च, जेवणानंतर
चूक नाही. हेडक्लार्क म्हणाला, काका, ज्येष्ठता नंबर एक कोण? म्हटलं, मी. त्याने नियम पहिला काढून माझ्यापुढे धरला.
मॅडमना बाळंतपणाचं सांगितलं. बाई सज्जन. म्हणाल्या, मग आत्ता इथे सही करा, पहिला नियम मागे घेऊ. पेन पुढे केलं. मी घेतलंही. पण दारात कोटवाले उभे, कोटाची बटणं चाचपत. म्हणाले, अहो करा की सही, घरच्या अडचणी सगळ्यांनाच असतात. झालं. पेन परत दिलं. म्हटलं, नियम म्हणजे नियम, सुरुवात माझ्यापासून.
ही म्हणाली, तुम्हाला मोठेपणाचा झटका येतो तेव्हा नेमकी मी घरी असते, ऑफिसात नसते. मग दोन स्वेटर, मफलर आणि गोळ्या बांधल्या. लेक म्हणाली, बाबा, शब्द दिला होता ना? म्हटलं, अगं, पहिली बाळंतपणं उशिरा होतात. पुढच्या जीपने येतोच. तिने माझ्या मफलरची घडी नीट केली.

२३ मार्च, वरची चौकी
पोचलो. इथे होता तो पोरगा जीप थांबायच्या आधीच तिच्यात चढून बसला. म्हणाला, काका, तुम्ही देवमाणूस आहात. कमिटीची पहिली पावती.
पत्रा वाजतो. पाणी पट्टीच्या खालच्या खुणेवर. माझं लक्ष पट्टीवर नाही, पण पाणी तरी कुठे जातंय?

२६ मार्च
सकाळी वायरलेसवर पाण्याची पातळी कळवली. मग सहज विचारलं, बाकी घरचं हवामान कसं आहे? पोपट म्हणाला, काका, नियम सातवा. ओव्हर.
फार बरं वाटलं. शिस्त लागतेय.

२९ मार्च
काल दिवसभर बोटांवर तारखा मोजल्या. म्हणून आज नियम सातव्यात दुरुस्ती सुचवली: बाळंतपण वगळून. पोपट म्हणाला, हरकत नाही, इथे येऊन मॅडमसमोर शाईने सही करा, नियम आठवा. ओव्हर.
कुठे फट म्हणून ठेवलेली नाही. एवढं पक्कं काम आपल्या हातून झालं! दुपारभर अभिमान वाटत होता. डुलकी लागली नाही. तो संकल्प पुरा झाला.

३१ मार्च, सकाळ
संतापजनक. पोपट तोंडात घास ठेवून बोलत होता. मागे हसणं, डबे उघडल्याचे आवाज. कोटवाले स्पष्ट ऐकू आले, मला अजून एक द्या, फार गोड नाहीये! वायरलेसच्या टेबलावर खाणं! मी झापलं तर पोपट म्हणतो, काकूंच्या हाताला चव आहे हं, काका. ओव्हर.
नियम नववा करावाच लागणार. मसुदा घेतो: वायरलेसच्या टेबलावर खाद्यपदार्थ आणणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कारण नोंदवावे.

३१ मार्च, थोड्या वेळाने
आणणाऱ्याचं नाव. काकू.
काकू म्हणजे ही.
मी अध्यक्ष झालो तेव्हा जिने चमचाभर साखर हातावर ठेवली नाही, ती बाई डबे भरून ऑफिसात गोड घेऊन गेली? कारण?
अरे देवा!

३१ मार्च, लगेच
परत वायरलेस लावला. ओरडलो, मुलगा की मुलगी? पोपट म्हणाला, काका, माझ्या अगदी जिभेवर आहे, पण तुमचाच नियम. आणि आनंद शिळा होत नाही ना? मागे सगळं ऑफिस हसत होतं. मॅडमसुद्धा. ओव्हर.
आजोबा झालो. पट्टीला जाऊन सांगितलं. दुसरं कोणी नाही इथे.
ही डायरी कोणाला दाखवायची नव्हती. पण बदली माणूस आल्याशिवाय चौकी सोडता येत नाही, म्हणून हे पान फाडून पुढच्या जीपबरोबर ऑफिसात धाडतोय, खाली शाईने सही आहे, मॅडमनी ती आपल्यासमोरच केली असं समजावं. नियम सातवा रद्द. आठवाही रद्द. पहिल्याचं तुम्ही बघा. लेक बरी आहे ना? बाळाचं नाक कोणावर गेलंय? रडण्याचा आवाज मोठा आहे का? असेल तर पोपटाला म्हणावं, वायरलेससमोर नुसतं धर. ते तर खाजगी बोलणं नाही! मुलगा असो, मुलगी असो, पाया पडतो, पण लवकर कळवा.