एक स्वर चढलेली रेकॉर्ड

ट्रम्पेटने माझ्याकडून काय घेतलं ते आधी सांगतो: समोरचे दोन दात, एक बायको आणि पोराचा ओठ. दात नवे बसवले. उरलेल्याची व्यवस्था लावता येईल तेवढी खाली लावली आहे.

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा जॅझ ट्रम्पेटवादन, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. फुफ्फुसं गेली, कान शाबूत आहेत. सुराच्या बाबतीत मी आजवर कोणाशी खोटं बोललो नाही. बँडमधल्या कोणालाही विचारा.

१. लॉन्ड्रीवरच्या दोन खोल्या स्वकष्टार्जित असून त्या माझ्या मुलीला. खालच्या वाफेने भिंती फुगतात, खिडकी उघडी ठेवावी. मुलाला आधी विचारलं होतं. "बाबा, तिथे मला श्वास घेववत नाही," म्हणाला.

२. माझ्या अकरा रेकॉर्ड्सही मुलीला. तिला ट्रम्पेटचा आवाज सहन होत नाही, त्यामुळे त्या झिजणार नाहीत. पहिल्या दोनांत मी घाबरलेला आहे. सहावीत स्टुडिओच्या कोपऱ्यात बसलेली तिची आई खोकते. पुढच्याच वर्षी ती घर सोडून गेली. ही सहावी विकू नये. आठवीपासून दम संपलाय, नुसती चलाखी वाजते आहे.

३. चौथीबद्दल खुलासा. तिच्या शेवटच्या उंच सुरामुळे लोक मला ओळखतात. त्या दिवशी स्टुडिओतलं टेप मशीन हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजली की सगळंच वर चढतं. रेकॉर्ड हाती आली तेव्हा पहिल्या चार मात्रांतच कळलं, एक अख्खा स्वर चढली आहे. रेकॉर्डिस्टला म्हटलं, "अहो, हा मी नाही." तो म्हणाला, "गप बसा हो मास्तर, तुमच्यापेक्षा बरा आहे." बसलो. आजतागायत बसलो.

४. कार्यक्रमात त्या सुराच्या जागी ड्रमर झांज आदळायचा आणि मी नुसते गाल फुगवायचो. त्याला माझा तपकिरी कोट. "काय मास्तर, सूर आज पण घरीच?" हा टोमणा वीस वर्षं ऐकला, त्याबद्दल काही नाही.

५. मुलगा त्या रेकॉर्डवरच शिकला. रोज सहा तास. एकोणिसाव्या वर्षी ओठाचा स्नायू फाटला. डॉक्टरांनी शिवला, वाजवणं संपलं. आता तो नळांच्या दुकानात आहे. माझी औषधं न चुकता पाठवतो, स्वतः येत नाही. चौथीची मूळ टेप त्याला. आमच्या बँडच्या पियानोवाल्याकडे टेप मशीन आहे, त्यावर वेग कमी करून ऐकावी, म्हणजे बाप खरोखर कुठवर पोचत होता ते कळेल. उपयोग काही नाही, हे मलाही कळतं.

६. ट्रम्पेट कोणालाच नाही.

७. एक गोष्ट कुठल्याच टेपवर नाही म्हणून लिहितो. ओठ फाटला त्याच सकाळी मुलाने स्वयंपाकघरात तो सूर धरला. धावत बाहेर आला, "बाबा, लागला का हो?" मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "किंचित उतरला. पुन्हा."

ठिकाण: राहती खोली, खिडकीजवळचं टेबल
तारीख: सतरा, महिना अकरावा
सही: (वाकडी आली, तरी माझीच आहे)

साक्षीदार: १. बँडचा पियानोवाला २. खालचा लॉन्ड्रीवाला

पियानोवाला सही करता करता थांबला. "आणि लागला होता का रे?" म्हणाला. तेही लिही म्हणतो.

लागला होता. अगदी बरोबर.