माझ्या मापाचं घर

६ जानेवारी
नवी नोकरी लागली! टेबल खिडकीजवळ, खुर्ची धड आणि नळाला पाणी. कप मात्र स्वतः घासून घेतले. आधीच्या मंडळींनी त्यांत काय उकळलं होतं देव जाणे. साहेब आर्किटेक्ट, स्वभावाने बोलके. पहिल्याच दिवशी माझ्याकडे एका नव्या घराचे अंतिम नकाशे आले. म्हणजे ज्यांवरून गवंडी खरोखर भिंत उभी करतो ते. साहेबांची एक पद्धत आहे: स्वयंपाकघर मालकिणीच्या अंगाच्या मापाने काढायचं. ओटा तिच्या कोपराला, फळी तिचा हात पोचेल तिथे, खिडकी डोळ्यांच्या रेषेत. मला हे फारच आवडलं.

९ जानेवारी
मालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, तीन महिने येणार नाहीत. मालक माझ्याकडे बघून म्हणाले की ती साधारण तुमच्याच उंचीची आहे. फोन करून विचारायला हवं होतं, पण नकाशे आजच द्यायचे होते. मग काय, मीच दाराला पाठ लावून उभी राहिले आणि टाचेपासून टाळूपर्यंत स्वतःला मापून घेतलं. मालकिणीच्या रकान्यात माझे आकडे टाकले, ‘अंतिम’ शिक्का मारला आणि साहेबांना यातलं काही बोलले नाही. इंच इकडे की तिकडे, कोण बघतंय.

२ एप्रिल
पहिल्यांदा साइटवर गेले. स्वयंपाकघराचा गिलावा झालाय. गवंडी हसत म्हणाला की या एकाच खोलीला घाम येतो. हात लावून पाहिला. भिंत कोमट, चिकट. बोटं नाकाशी नेली तर माझ्याच काखेचा वास. तीनदा साबण लावूनही जाईना. जेवताना घास तोंडाशी आला आणि मी ताट सरकवलं.

५ एप्रिल
भिंतीवर केस उगवलेत. साहेब म्हणाले, ब्रशचे असतील. हातभर लांब केस कुठल्या ब्रशला असतात? एक धरून ओढला. मुळासकट निघाला, टोकाला पांढरा बुळबुळीत कण, आणि त्याच क्षणी माझी टाळू चरचरली. वाळूच्या ढिगामागे जाऊन ओकले. उलटीतही वाळूच होती, बारीक, चाळलेली.

८ एप्रिल
मानेची वळी चोळली की राखाडी लगदा निघतो. नखांत भरतो, वाळतो. चूळ भरली की चुना. आई म्हणते डॉक्टरांकडे जा. त्यांना काय सांगू, मला पोपडे धरलेत? अंघोळीला भीती वाटते. अंग भिजलं की मऊ पडतं, बोट आत रुततं. शी. माझी मलाच शिसारी येते.
ते आकडेच भोवतायत. नकाशावरून माझं माप गेलं की सुटेन. उद्या साहेबांना खरं सांगणार.

९ एप्रिल
सांगितलं. वाटलं, चांगलीच झाडतील. पण रागावले नाहीत. चूक कबूल करणारी माणसं हल्ली मिळत नाहीत म्हणाले. मालकीणबाईही परतल्यात. माझ्यापेक्षा चार बोटं बुटक्या, ओटा त्यांना उंच पडतो. त्यांचं माप घेऊन नवा नकाशा काढला. माझे आकडे खोडले. रडू आलं, इतकं हलकं वाटलं.

१० एप्रिल
फरक नाही. उलट जास्त.
दुपारी टेबलाशी बसले असताना पाठीत कळ आली, खांद्याच्या हाडाखाली. आत भोक. बोट घातलं तर ओलं सिमेंट. तेवढ्यात गवंड्याचा फोन, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाला, डबा टांगायला आत्ताच त्या भिंतीत खिळा ठोकला —
मग साहेबांनी हौसेने सांगितलं. नवा नकाशा आलाय, तर जुनं पाडून टाकू. ओटा, भिंती, सगळं. उद्या दहा वाजता.

१० एप्रिल, संध्याकाळ
राहू द्या म्हटलं. पाया पडले. बाईंना ओटा उंचच चालेल, पाट घेतील पायाखाली — साहेब म्हणाले, असं कसं, घर तिच्या मापाचंच हवं.

११ एप्रिल
गुडघे आळलेत. उठता येत नाही. फोन लावला, पण शब्दांऐवजी तोंडातून खडी — लाळेने माखलेली, तारा सुटलेल्या. साहेबांना वाटलं रडतेय. म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, साधी भिंत तर आहे.
दहाला पाच कमी.
आई फडकं घेऊन बसलीय, पुसते, पुन्हा गळतं —
घणाचा पहिला — डावा खांदा — भुगा, आणि भुग्यात काहीतरी ओलं, हलतंय, आई बघू नकोस — दुसरा