टेप रिवाइंड करण्याच्या शिस्तीबद्दल मामांना

तीर्थरूप मामा,

तुमच्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच आहे, वायर तपासायला टेबलाखाली शिरले आहे आणि पत्र तिथूनच लिहिते आहे.) गुडघा कसा आहे? मामी सांगतात तितका दुखतो, की तुम्ही म्हणता तितका?

निवृत्त होताना तुम्ही ग्रंथालयाचा सर्व्हर माझ्या गळ्यात बांधलात, त्याला दोन वर्षं झाली. मंगळवारी त्याच्या डिस्कने मान टाकली. मी मात्र निवांत होते, कारण बॅकअप रोज होत होता आणि कपाटात सहा टेपा ओळीने उभ्या होत्या. ग्रंथपालबाईंना म्हटलं, चहा घ्या, तोवर तुमची सूची परत आणते. चाळीस हजार पुस्तकांची सूची, बाईंनी अकरा वर्षं एका बोटाने टाइप केलेली. टेप लावून आतली यादी मागितली, तर एकच फोल्डर निघालं, सूचनाफलकाचं. दुसऱ्या टेपवर तेच. सहाही टेपांवर "पानाचा कोपरा दुमडू नये", आणि सूचीचा पत्ता नाही. बाई नुसत्या चष्मा पुसत बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. रोज टेपवर आधी सूची जायची, मग सूचना. आणि आपल्या घरची शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे, कॅसेट वाजवून झाली की रिवाइंड करूनच ठेवायची (न केल्याबद्दल मी तुमचे धपाटे खाल्ले आहेत). इथेही सूची लिहून झाली की टेप शहाण्यासारखी सुरुवातीला यायची आणि सूचना थेट सूचीवर लिहिल्या जायच्या. मशीन रोज "यशस्वी" म्हणायचं, त्यामुळे टेप वाचून बघायचं मनातही आलं नाही. चूक माझी. साहेबांनाही तसंच सांगितलं.

मामींना नमस्कार.

तुमची,
टेबलाखालची भाची

ता.क. निरोपाच्या दिवशी तुम्ही आठवण म्हणून नुसत्या सूचीची एक टेप घरी नेली होती. तिच्यावर दुसरं काही लिहिलेलं नाही. मामी फोनवर म्हणाल्या, ती डबीसकट शिवणाच्या मशीनच्या आखूड पायाखाली आहे. तेवढी काढा आणि तिथे पुठ्ठा सरकवा. मधल्या दोन वर्षांची पुस्तकं बाई पुन्हा टाइप करणार आहेत.

ता.क. २. पोस्टाने नको, स्वतः घेऊन या. बाईंनी तुमची खुर्ची पुसून ठेवली आहे. मलाही तुमची फार आठवण येते.

ता.क. ३. बॅकअपच्या प्रोग्रॅममधली रिवाइंडची ती ओळ मी लिहिलेली नाही. तिच्यापुढे तुमचं नाव आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख आहे. दोन्ही मी पुसली आहेत. तेव्हा आल्यावर बाईंसमोर मला थोडं रागवा, म्हणजे कुणाला शंका येणार नाही.