बधिर बोटं

जबल अख्दर, ३ जानेवारी २०१४

चि. जितेश यास एकनाथमामाचे आशीर्वाद. वि. वि.

इथं डोंगरावर रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टँकरवाल्या तय्यबच्या हाती चिठ्ठी धाडतोय. हॉटेलला अजून खिडक्या नाहीत. सकाळी बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरतो. जिप्सम बोर्डांच्या सांध्यावर मसाल्याचा एक हात मारला की मस्कतला दिवसात वाळतो, इथं चार दिवस लागतात. फोरमन रमणनं हीटर मागितला तर इंजिनियर हसला म्हणे, ओमानमध्ये हीटर कसला मागता? त्याच्या केबिनमध्ये मात्र आहे.

तुझा बरका गावातला व्हिला कुठवर आला? मसाल्याची पट्टी नीट चालव, नाहीतर लोक म्हणतील मामानं भाच्याला लाटणं धरायला शिकवलं. तुझ्या आईला, जयवंतीताईला, थंडीचं कळवू नकोस.

वेळेवर जेवत जा, मामाला विसरू नकोस.

तुझा एकनाथमामा


हमरिया, मस्कत, ९ जानेवारी

ती. मामांस जितेशचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून सगळी खोली हसली. आम्ही पंखा लावून झोपतो आणि तुम्ही काश्मीरला जाऊन बसलात. तय्यबबरोबर स्वेटर पाठवतोय.

व्हिला संपत आलाय. पुढचं काम कोणी सांगत नाही. खोलीतल्या दोघांना परत पाठवलं. मला भीती वाटते, मामा. रमणशी माझ्यासाठी बोलाल का?

कृपा आहेच, ती राहू द्या.

आपला जितेश


जबल अख्दर, १५ जानेवारी

चि. जितेश यास आशीर्वाद. वि. वि.

रमणशी बोललो. बघतो म्हणाला. घाबरू नकोस.

आता फक्त तुला सांगतो. दहा दिवस झाले, उजव्या हाताच्या बोटांना काही कळत नाही. सांधा बोटं फिरवून तपासायचा, तर उंचवटा आणि सपाट मला सारखंच लागतं. परवा रमणनं भिंतीला लावून दिवा धरला आणि सगळे वळ दिसले. थंडीनं मसाला बसला, असं सांगून वेळ मारून नेली. बावन्नाव्या वर्षी बोटं गेलेल्या माणसाला कोण ठेवतं?

येत्या शुक्रवारी टँकरमधून वर ये. माझ्या भिंतींवरून हात फिरव आणि चूक असेल तिथं पेन्सिलनं खूण कर. मी पुन्हा घासेन. कोणाला बोलू नकोस, तुझ्यावर भिस्त आहे.

मामा


हमरिया, २१ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

शुक्रवारी तुमच्या भिंतींवर बारा खुणा केल्या आणि निघालो, तर रमणनं टँकरपाशी गाठलं. मामाच्या हाताला काय झालंय, असं सरळ विचारलं. खोटं बोलता आलं असतं. पण परत पाठवायच्या यादीत माझं नाव आहे, हेही त्यानंच सांगितलं. मी खरं ते सांगून टाकलं.

रविवारी ऑफिसनं तुमच्या जागी मला घेतलं. तुमचं तिकीट पुढच्या गुरुवारचं, तीस तारखेचं आहे. आईला फोन केला. ती खूप रडली, मग म्हणाली, बरं झालं, घरातलं काम घरातच राहिलं. तुम्ही रागावू नका.

एक शिकायचं राहिलं. त्या थंडीत वरून कोरडा दिसणारा मसाल्याचा हात आतून वाळलाय की नाही, हे कसं ओळखायचं? घाईनं दुसरा मारला तर सगळं फुटेल, आणि सांभाळून घ्यायला तुम्ही नसाल. जरूर लिहा.

आशीर्वाद असू द्यावा.

आपला जितेश


जबल अख्दर, २५ जानेवारी

जितेश यास, वि. वि.

सामान बांधलं. शर्टाची बटणं बोटांत येत नाहीत, रोज तय्यब लावून देतो. त्यानं आजवर कोणाला सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी तू ओमानला आलास तेव्हा तुला बादली कालवता येत नव्हती. जे मला येत होतं ते सगळं तुला दिलं. काही लपवलं नाही, बोटंसुद्धा नाहीत.

तू विचारलंस ते मला ठाऊक आहे. तू यायच्या आधी दोन हिवाळे याच डोंगरावर काढून शिकलो, आणि त्याला बोटंही लागत नाहीत. दोन ओळींत लिहिता येईल. तय्यब खाली गाडी चालू करून थांबलाय. पण लिहीत नाही.

ताईला सांग, भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस.

लोभ होता.

एकनाथ