कोणत्या हद्दीत

मंगळवार, ७ जुलै १९९८. समुद्रपूर

आजही दाखला मिळाला नाही. शालिनीला जाऊन महिना होत आला, पण तिचा मृत्यू अजून कुठेच नोंदलेला नाही. वर्ध्याच्या दवाखान्याने 'आणण्यापूर्वीच मृत' असे लिहून दिले, म्हणून नगरपालिका म्हणते, आमच्या हद्दीत नाही. इथला ग्रामसेवक म्हणतो, गावातून जिवंत निघाल्या, म्हणजे आमच्याही हद्दीत नाही.

ती बसमध्ये माझ्या खांद्यावर डोके ठेवून गेली. मला वाटले, झोप लागली. मला कसे कळले नाही?

नगरपालिकेतला बाबू हसला. "काकाजी, बाई यष्टीत गेली, त यष्टीवाल्याईलेच मांगा ना दाखला!" मग जरा नरमला. "कोण्या गावाच्या हद्दीत गेली ते लिहून आना. तिथची ग्रामपंचायत नोंद करन. मी काय करू, नियमच हाय तसा."

शुक्रवारपर्यंत दाखला दिला नाही, तर मुलीची वसतिगृहातली जागा जाईल. आई नसलेल्या मुलींना तिथे आधी घेतात. आई नाही, हे तिच्या बापाने सांगून चालत नाही.

परत येताना गावांच्या पाट्या वाचत आलो. पुलाजवळ शालिनीने खिडकीची काच सरकवायला सांगितली होती, एवढे नक्की. त्यानंतर मीच तिच्याशी बोलत होतो, पार वर्धा येईपर्यंत. त्यातले तिने कुठपर्यंत ऐकले, ते आता एका गावाचे नाव लिहून मला ठरवून द्यायचे आहे.